सेल्फ मारला की नुसतं टिकटिक, बॅटरी गेली का? घरी बदलता येईल का?

वॅगनआर 2018 पेट्रोल, बॅटरी कंपनीतून आलेलीच आहे. दोन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर टिकटिक होतं, डॅशबोर्डचे लाइट मंद होतात, शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंपर लावला की लगेच चालू. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) पण बघावा लागेल. आधी काय तपासू आणि बॅटरीच असेल तर स्वतः बदलू का?

नाशिककर_ड्रायव्हर: आधी मल्टीमीटर म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर आण, साधा चालतो. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्ट म्हणजे फुल्ल, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी चालू करून बघ, 13.8 ते 14.4 च्या आसपास आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय, त्याच्यावर उगाच खर्च करू नकोस. आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमलीये का बघ, ती असली की चांगली बॅटरीपण टिकटिकच करते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घास.

पुणे_पेट्रोल: आपल्याकडे बॅटरी खरं तर उन्हाळ्यात बोनेटखालच्या उष्णतेने खराब होते आणि थंडीत सेल्फला जोर लागतो तेव्हा ते कळतं. इतकी वर्षं टिकली म्हणजे छान चालली.

बदलणं अजिबात अवघड नाही, 10 नंबरचा पाना पुरतो, फक्त क्रम चुकवू नकोस. काढताना काळी वायर म्हणजे मायनस आधी, मग लाल, आणि लावताना लाल आधी, काळी शेवटी. कारण सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, काळी लागलेली असताना लाल नट फिरवला आणि पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट, पाना लालबुंद होतो. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेव. बॅटरी जड असते, आत ॲसिड आहे, सरळच उचल. आणि बॅटरी धरून ठेवणारा क्लॅम्प नीट आवळ, हलणारी बॅटरी लवकर मरते.

कोल्हापूर_मेकॅनिक: घेताना जुन्या बॅटरीवरचा नंबर जसाच्या तसा बघा, शेवटी एल आहे की आर तेसुद्धा. उलटी आली तर प्लस-मायनसच्या बाजू बदलतात आणि वायर पोचत नाही. बनवल्याची तारीख बघा, दुकानात वर्षभर पडलेली घेऊ नका, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. जुनी बॅटरी दुकानात द्या, आत शिसं असतं म्हणून एक्स्चेंजमध्ये नव्या बॅटरीचे पैसे कमी होतात, कचऱ्यात तर टाकूच नका.

प्रश्नकर्ता: मीटर आणला. उभ्या गाडीवर 11.8, चालू केल्यावर 14.2. बॅटरीवर 38बी20एल लिहिलंय. टर्मिनल स्वच्छ आहेत.

नाशिककर_ड्रायव्हर: मग अल्टरनेटर ठीक आहे. एकदा रात्रभर चार्जरवर लावून बघ, तरी गाडी उभी राहून परत उतरली तर बहुतेक बॅटरीच गेली. बदलल्यावर घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन परत सेट करावे लागतील.