स्नोबोर्ड नंतर, आधी बूट

स्नोबोर्डिंग (दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणं) शिकायला सुरुवात करताना काय घ्यावं असं विचारलं, की सगळे बोर्ड किती सेंटीमीटरचा घ्यावा यावरच बोलतात, म्हणून ही थोडी भर. पहिल्या मोसमात बोर्ड आणि बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारी पकड) सरळ भाड्याने घ्या. पैसे घालायचेच तर बुटांत घाला.

अमेरिकेत लेक टाहोला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एक नंबर मोठे, 'ऐसपैस' बूट घेतले आणि आत मोज्यांचे दोन जोड. प्रत्येक वळणाला टाच आतल्या आत उचलली जायची आणि बोर्ड काही वळायचं नाव घेईना. दुपारपर्यंत पाय बधिर! बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरायला हवीत. मोजे एकच जोड, लोकरीचे. सुती अजिबात नको.

बोर्डाचं म्हणाल तर उंचीपेक्षा वजन बघा, कंपनीचा तक्ता असतो. मऊ (सहज वाकणारा) आणि जरा आखूड बरा. पाऊल मोठं असेल (अमेरिकन ११ च्या पुढे) तर वाइड (जास्त रुंद) बोर्ड मागा, नाहीतर वळताना बुटाचं टोक बर्फात घासतं.

बोर्डावर कुठला पाय पुढे? घरी मोजे घालून फरशीवर घसरून बघा, आपसूक पुढे जातो तो. (घरचे बघत नाहीत ना, एवढं पाहा.)

आणि रिस्ट गार्ड (मनगटाला आधार देणारे पट्टे) विसरू नका. नवशिका पडताना हात टेकतो आणि मनगट जातं. हेल्मेट कुणाचं वापरलेलं घेऊ नका. जीन्सही नको, टाहोचा बर्फ बऱ्याचदा ओला नि जड असतो, तासाभरात चिंब व्हाल.