‘धसका’ आणि ‘आघातोत्तर तणाव विकार’

एखाद्या भीषण प्रसंगानंतर मनात टिकून राहणाऱ्या आजाराला, म्हणजे ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’साठी, मराठीत ‘आघातोत्तर तणाव विकार’ हा प्रतिशब्द वापरतात, पण घरात कोणी तो उच्चारत नाही. तिथे ‘त्याने धसका घेतला आहे’ एवढेच म्हटले जाते. हे दोन्ही एकाच अर्थाचे मानावेत काय?

मानू नयेत, असे माझे मत आहे. ‘धसका’ हा शब्द मनाला बसलेली भीती सांगतो, ती किती काळ टिकली हे सांगत नाही. निदानासाठी मात्र लक्षणे महिन्याहून अधिक टिकणे आणि त्यांनी रोजचे जगणे विस्कळीत होणे आवश्यक असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपात दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यातून वाचलेला माणूस पुढचे काही दिवस छताखाली झोपायला तयार नसेल, तर तो धसकाच आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु वर्ष उलटल्यावरही रस्त्याने ट्रक गेला की तोच माणूस लेकरू उचलून अंगणात धावत असेल, तर ‘धसका’ म्हणून विषय संपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘आठवण’ या शब्दाचेही तसेच आहे. आठवणीत प्रसंग मागे पडलेला असतो, या विकारात तो वासासह, आवाजासह, छातीतल्या धडधडीसह पुन्हा घडतो. ‘फ्लॅशबॅक’ हा शब्द आपल्याकडे चित्रपटांमुळे कथेतला मागचा भाग या अर्थाने रुळला आहे, म्हणून मी ‘पुनरनुभव’ सुचवतो. बोलण्यात लोक ‘ते डोळ्यांसमोरून जातच नाही’ असे म्हणतात, आणि ते वाक्य डॉक्टरांपर्यंत जसेच्या तसे पोहोचले पाहिजे.

यात एक भर घालावीशी वाटते. ‘सावध झोप’ हे आपल्याकडे कौतुकाचे शब्द आहेत, त्यामुळे जरा खुट्ट झाले की दचकून उठणाऱ्या माणसाची अतिसावधता लक्षण म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याने तो विषय, ती जागा टाळली की घरचे ‘सावरला’ म्हणतात, आणि कशातच मन रमेनासे झाले की ‘अबोल झाला’ म्हणतात. ‘सावरणे’ आणि ‘टाळणे’ यांतला फरक ओळखायचा असेल, तर त्या जागेचे नाव निघताच त्याचा चेहरा कसा होतो, हे पाहावे.