ऑर्केस्ट्रात बेस पिकनं वाजवावं की बोटांनी?

बेसवाला_परभणी
जय भीम मंडळी. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आधी कीबोर्डवाला डाव्या हातानंच बेस काढायचा, आता ते काम माझ्याकडं आलंय. मी बोटांनीच शिकलो, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. आमचे मालक म्हणायलेत, पिक (तार छेडायची ती प्लास्टिकची छोटी चकती) धर, मैदानात तुझं काहीच ऐकू येईना. जयंतीच्या कार्यक्रमाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघितला तर खरंच, ढोलकी, ऑक्टोपॅड, गायक सगळे आहेत आणि मी नुसता मान हलवायलोय. यूट्यूबवर मात्र एक जण सांगतो, पिकनं वाजवणं म्हणजे बेसचा अपमान. काय करावं?

लातूरचा_जुना_बेस
भाऊ, आधी तो व्हिडिओ पुसून टाक. मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यांत जाड, ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. मोबाईलच्या टिचभर स्पीकरातून तो सूर निघणारच नाही. तिथं बेस कळतो तो वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे ८२, १२३ असे जे त्याच तारेतून निघतात त्यांच्यावरून. बोटाच्या मऊ मांसानं तार छेडली की हे वरचे कमी येतात. पिकची कडक कड लागली की आधी टक् होतं आणि वरचे भरपूर निघतात. त्यामुळं मालकांचं म्हणणं अगदीच वाया नाही.

दुसरं कारण ढोलकी. केरवा तालात तिचा डावा हात जिथं घुमतो, तिथंच तुझी बोटं घुमतात. एका सीटवर दोन प्रवासी! उडत्या गाण्याला पिक घे, तळहाताची कड ब्रिजजवळ (खाली तारा जिथं टेकतात तिथं) तारांवर हलकी टेकव आणि सूर आखूड ठेव. तळहात सरकून पुढं आला की सूर मरतो, मागं गेला की गुंजत राहतो. त्या बोटभर जागेत सगळी गंमत आहे, घरी बसून ती शोध. पिक १ मिमी किंवा त्याहून जाड हवं, टोक दोन-तीन मिमीच बाहेर. गिटारवाल्याचं पातळ पिक जाड तारेवर नुसतं वाकतं. एप्रिलात रात्री दहालाही आपल्याकडं घाम थांबत नाही, पिक फिरतं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासून घे.

संथ गाणी, महापरिनिर्वाणावरची वगैरे, बोटांनीच वाजव. तिथं टक् नको वाटतं. बोटांनीही ब्रिजकडं सरकून छेडलंस तर आवाज टणक होतो, गिटारच्या गळ्याकडं गेलास की गोल.

आणि अपमानाचं म्हणशील तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत १९६० च्या दशकात कॅरल के नावाच्या बेसवादक पिकनंच वाजवायच्या, तारांवर फेल्टचा तुकडा लावून. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीवर. त्या यूट्यूबवाल्याला म्हणावं, यातला एक निवडून दाखव.

साउंडवाला_नांदेड
काका बरोबर बोलायलेत, पण पिक-बोटं नंतर. बेसच्या चॅनलला लो-कटचं बटण दाबलेलं आहे का ते बघा. माईकची घरघर जावी म्हणून ते असतं, बऱ्याच मिक्सरांवर ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. ई ४१, ए ५५, डी ७३. म्हणजे तीन मोकळ्या तारांचा मूळ सूर तिथंच गेला. मग पोरगं पिक धरो नाहीतर करवत. घाईत सगळ्या चॅनलची बटणं एकदम दाबणारे ऑपरेटर मी लै बघितलेत. आणि बेस सरळ मिक्सरमध्ये खुपसू नका, मधे डीआय बॉक्स लावा, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी.

बेसवाला_परभणी
डीआय बॉक्स नाहीच आमच्याकडं, सरळच खुपसतो. उद्या सेलूला कार्यक्रम आहे, बटण स्वतः बघतो. काका, इथं दुकानात पातळच पिकं मिळायलीत. जुनं एटीएम कार्ड कापून चालंल का?

लातूरचा_जुना_बेस
उद्यापुरतं चालंल. पण जाड तार त्याची कड लवकर खाते, दोन-चार कापून खिशात ठेव. जाड पिकं ऑनलाइन मागव. आणि उद्या निम्मी गाणी बोटांनी, निम्मी पिकनं वाजव. ऐकायला मोबाईल नको, एखाद्या दोस्ताला मैदानाच्या शेवटी उभा कर.