कार्ड म्हणतं नाही, एलायझा म्हणतं हो. डेंग्यू आहे की नाही?

रामबागची सून
सासऱ्यांना (वय ६८) मंगळवारी रात्री हुडहुडी भरून ताप आला, १०३. तीन दिवस क्रोसिनवर काढले, कारण बाबांचं म्हणणं, "इंदुरात पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही?" रविवारी घरी रक्त घ्यायला मुलगा आला. स्कूटरच्या डिकीतून झटपट टेस्टचं कार्ड काढलं, आमच्या डायनिंग टेबलावरच टेस्ट केली. एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) निगेटिव्ह, आयजीजीची (सहसा जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं) रेघ ठळक. तो म्हणाला, "ही जुनी आहे, डेंग्यू नाही." बाबांनी लगेच पोहे-जिलबी मागवली!

आज सोमवारी दुसऱ्या लॅबमध्ये एलायझा (मशीनवरची रक्ततपासणी) केली, तर आयजीएम पॉझिटिव्ह. प्लेटलेट ९२ हजार. ८०० रुपये तिकडे, १४०० इकडे. विश्वास कोणावर ठेवायचा?

सुदामानगर
पपईच्या पानांचा रस द्या. आमच्याकडे सगळ्यांना दिला होता.

निवृत्त बाकवाला
पपई राहू द्या बाजूला. मी ३१ वर्षं लॅबच्या बाकावर काढली, म्हणून आधी एकच विचारतो: बाबांना पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का?

रामबागची सून
हो काका, दहा-बारा वर्षांपूर्वी. पण हे त्या मुलाने विचारलंच नाही.

निवृत्त बाकवाला
तिथेच घोटाळा झाला. एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन. तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं, पाचव्यानंतर विरळ होत जातं. तुमचा रविवार म्हणजे सहावा दिवस. त्यात दुसऱ्यांदा डेंग्यू झाला की शरीर जुन्या ओळखीवर आयजीजी झपाट्याने तयार करतं, ती एनएस-१ला चिकटते आणि कार्डाला ते दिसेनासं होतं. अशा वेळी आयजीएमही कमी बनते. म्हणजे ज्या ठळक रेघेला तो 'जुनी' म्हणाला, तीच कदाचित या तापाची चुगली करत होती. चालू तापात कार्डावर आयजीजी दिसली तर ती सोडून द्यायची नसते.

एलायझा मशीनवर आकडा देते, त्यामुळे फिकी आयजीएमही पकडते. सरकारी डेंग्यू कार्यक्रमातही खात्रीसाठी एलायझाच धरतात, कार्ड नाही. आयजीएमचे किट पुण्याच्या एनआयव्हीतून, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेतून येतात. तरी एक आयजीएम म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, ती दोन-तीन महिने रक्तात रेंगाळते. पण ताप, घसरत्या पेशी आणि हा रिपोर्ट, तिन्ही एका दिशेला आहेत. डेंग्यूच समजून चला.

आणि ती डिकी! बऱ्याच कार्डांच्या डब्यावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी किती तापते, हात घालून बघा.

लोकमान्यनगर
भाच्याचं मे महिन्यात उलट झालं. कार्ड पॉझिटिव्ह, एलायझा निगेटिव्ह. ते कसं?

निवृत्त बाकवाला
मे महिन्यात डेंग्यूच कमी असतो. समजा हजार तापकऱ्यांत खरे २०, आणि कार्ड बाकीच्यांपैकी शेकडा ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवतं. ९८० मधले ४९ खोटे निघाले, खरे फार तर २०. त्यामुळे पावसाआधीचं पॉझिटिव्ह कार्ड दिसलं की मी एलायझा लावायचोच. शिवाय कार्ड सांगितलेल्या वेळेतच वाचायचं. तासाभराने उगवलेली फिकी रेघ मोजायची नाही.

रामबागची सून
काका, आज दुपारपासून ताप नाही. मग आता धोका टळला ना?

निवृत्त बाकवाला
उलट आता डोळ्यांत तेल घाला. ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास सगळ्यात अवघड असतात, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. नुसत्या प्लेटलेटकडे बघू नका, सीबीसीतला (रक्तपेशींच्या तपासणीतला) पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, आधीच्यापेक्षा वाढतोय का ते डॉक्टरांना दाखवा; पाणी झिरपून रक्त घट्ट झालं की तो चढतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको. हृदयासाठी रोजची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना विचारा.

रामबागची सून
पीसीव्ही काल ४१, आज ४७. निघतोय आम्ही.