मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) टगबोटीच्या मॉडेलमध्ये शाफ्टच्या नळीतून पाणी येतंय

किटवरून टगबोट बांधतोय. लांबी ६५ सेंमी, फायबरग्लासचा हल (बोटीचं बाहेरचं कवच), एकच पंखा (प्रोपेलर), ५४० आकाराची ब्रश मोटर. मोटरपासून पंख्यापर्यंतचा दांडा, म्हणजे शाफ्ट, हलमधून बाहेर जाणाऱ्या नळीत फिरतो. ६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, बोट पाण्यात नीट बसायला लागणारं अर्धं वजनही तीच भागवते. डेक अजून चिकटवलेला नाही, त्यामुळे आत हात जातो.

बोट रिकामी असताना टबात तासभर कोरडी राहिली. मग शिशाचे तुकडे टाकून रंगवलेल्या पाणरेषेपर्यंत बसवली आणि नळीचं आतलं तोंड पाण्याच्या पातळीखाली गेलं. तरीही मोटर बंद असेपर्यंत थेंब नाही. चालवली की दहा मिनिटांत दोन चमचे पाणी, रिव्हर्समध्ये जरा जास्तच.

नळी हलला जिथे चिकटवली आहे तिथून गळत नाही. टिश्यू पेपर लावून पाहिलं, कोरडा. (त्याआधी उगाच एपॉक्सीचा आणखी एक थर दिला होता, तो वाया.) पाणी कपलिंगच्या (मोटर आणि शाफ्टच्या जोडाच्या) बाजूने, शाफ्टला धरूनच येतं. नळीत ग्रीस भरलं तर दोन फेऱ्या बरं, मग पुन्हा तेच. पंखा धरून हलवला तर ४ मिमीचा शाफ्ट नळीच्या मागच्या टोकाच्या पितळी बुशात (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्यात) किंचित खेळतो.

नळी आता काढता येणार नाही, हलच फुटेल. बुश मात्र बाहेरून ओढून निघेल असं वाटतं. तर नुसता बुश बदलून भागेल, की जागेवरच नळीला भोक पाडून वरून ग्रीस भरण्यासाठी एक उभी नळी बसवावी? आणि भोक पाडताना पितळेचा चुरा आत पडू नये म्हणून काय करता?