बाबांची स्कूटर बंद झाली, पण त्यांना घरात बसू द्यायचं नाहीये. डिचोलीकडे तुम्ही लोक काय करता?

पर्वरीची_लेक

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या. माझे बाबा ७७ वर्षांचे, प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई आणि ते दोघंच डिचोली तालुक्यात गावच्या घरी असतात, मी पर्वरीला, भाऊ वास्कोला. बाबांनी चाळीसेक वर्षं स्कूटर चालवली. ऑगस्टमध्ये वळणावर चिखलात घसरले, हाड मोडलं नाही पण खांदा महिनाभर धरला होता, आणि त्याच सुमारास डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. भावाने चावी खिशात घातली आणि वास्कोला घेऊन गेला, विचारलं वगैरे काही नाही. त्याचंही चुकलं असं म्हणत नाही, तो घाबरला होता.

आता झालंय असं की बाबा सोप्यावर बसून असतात. आधी सकाळी वाचनालय, बुधवारी डिचोलीच्या बाजारात जाऊन मासळी आणि भाजी, महिन्यातून एकदा बँक, आणि दर सोमवारी शेजारच्या गावात देवळात भजन, तिथे ते पेटीवर बसतात. आता विचारलं तर म्हणतात, "कशाला जायचं, काम काय आहे माझं?" पण आई सांगत होती, गेल्या सोमवारी संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आठ वाजेपर्यंत सोप्यावर बसून होते, मग न बोलता आत येऊन जेवले. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

बस आहे, पण तिठा घरापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर, आणि मिनीबसची पायरी एवढी उंच की दुसरा पाय आत येईपर्यंत गाडी हललेली असते. टॅक्सीवाला डिचोली जाऊन-येऊन आणि वाट बघायचे धरून सातशे मागतो, तेवढे पैसे भाजी आणायला बाबा कधीच देणार नाहीत. मी रविवारी येते, पण रविवारी ना बँक, ना बाजार.

सगळे सांगतात हॉस्पिटलसाठी गाडीची सोय करून ठेवा. अहो, हॉस्पिटलला आम्ही रजा काढून नेतोच, प्रश्न बाकीच्या दिवसांचा आहे. तुमच्या घरी काय केलंत ते सांगाल का?

जुना_कंडक्टर

ताई, मी कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून बसबद्दलच सांगतो.

पहिलं म्हणजे वेळ. सकाळी साडेसात ते साडेनऊ शाळा-कॉलेज-ऑफिसची गर्दी, त्यात म्हाताऱ्या माणसाने चढूच नये. दहानंतरची बस धरायची आणि एक-दीडच्या आत परत निघायचं, मग पुन्हा शाळा सुटते. दुसरं, त्या वेळेला रोज कोणती गाडी येते ते बघा आणि तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरशी ओळख करून द्या, तुम्ही स्वतः एक दिवस बाबांबरोबर बसून जा. गावच्या रूटवर तीच दोन-चार माणसं रोज असतात. "मास्तर आहेत, जरा थांबवा" एवढं एकदा सांगितलं की बहुतेक जण थांबवतात. तुमच्या बाबांच्या हाताखाली शिकलेला एखादा त्याच गाडीवर असायचा.

चढायची पण रीत आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी डाव्या मनगटात अडकवून उजवा हात दांड्यावर. बाबांचा खांदा कुठला दुखतो त्याप्रमाणे हात बदला. शक्य असेल तिथे निवाऱ्याच्या कट्ट्यावर उभं राहायचं, खाली रस्त्यात नको, पायरीचं अंतर तिथेच अर्धं कमी होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टॉप येतोय म्हणून आधीच उठायचं नाही. माझ्या नोकरीत म्हातारी माणसं पडलेली मी पाहिली ती जवळजवळ सगळी गाडी थांबायच्या आधी उठलेली होती, त्यांना वाटतं आपल्यामुळे उशीर नको. बाबांना सांगा, गाडी पूर्ण थांबू दे, मग उठा, कंडक्टर ओरडला तर ओरडू दे.

कदंब, म्हणजे गोवा सरकारची बस, १९८० पासून आहे पण आतल्या गावांना अजून खासगी मिनीबसच जास्त. कदंबमध्ये ज्येष्ठांना सवलत असते, डिचोलीच्या स्टँडवर आधार कार्ड घेऊन चौकशी करा, आणि 'माझी बस' योजनेत आलेल्या खासगी गाड्यांवर ती चालते का तेही तिथेच विचारा. लो-फ्लोअर गाडीची जमीन रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असते, पायऱ्याच नाहीत, तशी गाडी आपल्या तिठ्यावर आली तर निम्मे म्हातारे उद्या बाहेर पडतील. ती येईपर्यंत एखादा प्लास्टिकचा स्टूल तिठ्यावरच्या दुकानात ठेवायला सांगा, हसू नका, आमच्या रूटवर एक आजी असंच करायची आणि दुकानदार स्टूल परत आत घ्यायचा.

फिजिओ_फोंडा

वरच्या काकांनी चढण्या-उतरण्याचं अगदी बरोबर सांगितलं, आम्ही पण पेशंटना तेच शिकवतो.

मी काचबिंदूवर दोन शब्द लिहिते कारण इथे लोकांचा गैरसमज असतो. काचबिंदूत आधी बाजूची नजर जाते, समोरचं नीट दिसतं, पेपर वाचता येतो, त्यामुळे माणसाला मनापासून वाटतं की माझे डोळे चांगले आहेत, आणि तो खोटं बोलत नसतो. पण उजवीकडच्या गल्लीतून येणारी बाईक त्याला दिसलेलीच नसते. गेलेली नजर परत येत नाही, थेंब वेळेवर घातले तर उरलेली टिकवता येते. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूचं कुठवर दिसतं त्याची तपासणी, करून घ्या आणि तो कागद बाबांना स्वतःला बघू द्या, काळे डाग कुठे आहेत ते डॉक्टरांनीच समजावू देत. मास्तर आहेत, समजून घेतील. चावी काढून घेणं आणि समोर कागद ठेवून "आता तुम्ही ठरवा" म्हणणं यात खूप फरक आहे. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रकारात माणूस नवीन सोय लवकर स्वीकारतो.

लायसन्सचंही सांगते, ५५ वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि रिन्यू करताना डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. तो फॉर्म बऱ्याच ठिकाणी न तपासता सही होऊन मिळतो, कृपा करून तसा आणू नका. कुणी स्कूटरला बाजूची चाकं लावा म्हणेल, त्याने तोल सांभाळतो पण नजर सुधारत नाही, शिवाय असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय केला तर अपघातात इन्शुरन्सची अडचण होते.

आता पाय. अर्धा-पाऊण किलोमीटर ७७ व्या वर्षी चालता येण्यासारखं आहे, पण घरात दोन महिने बसले तर तेवढंही राहणार नाही, मांड्यांची ताकद या वयात फार पटकन जाते. दिवसातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, बसची पायरी चढायला हाच व्यायाम लागतो. काठी घेत असतील तर सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत उंची हवी, बाजारातून आणलेली काठी बहुतेक वेळा उंच असते. खालचा रबर झिजला की बदला, पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तिथे तोच वाचवतो. आणि वाटेत अर्ध्यावर टेकायला जागा आहे का बघा. नसेल तर कुणाच्या गडग्याजवळ दोन चिरे ठेवायला परवानगी मागा. बसायला मिळेल याची खात्री असली की लोक दुप्पट लांब चालतात, हे मी रोज बघते.

बीपीची गोळी घेऊन उठल्यावर चक्कर येते का तेही विचारा, पुरुष स्वतःहून सांगत नाहीत.

म्हापसा_शुक्रवार

आमच्याकडे रिक्षाने प्रश्न सुटला म्हणून लिहितो. माझी आई आणि वाड्यावरच्या दोन बायका, तिघी सत्तरीच्या पुढच्या. रोज नाही, मंगळवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस ठरवले. एकाच रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून घेतलं, सकाळी साडेनऊला नेणार, बारा वाजता बाजाराच्या त्याच कोपऱ्यावरून उचलणार, त्या आल्या काय नाही आल्या तरी त्याचे पैसे ठरलेले. त्याला भाड्याची खात्री, त्यामुळे तो एकेका फेरीला मागायचा त्यापेक्षा बऱ्याच कमीत तयार झाला, आणि तीन घरांत वाटलं की बसच्या दुप्पट-तिप्पट पडतं, जास्त नाही.

यात एक गोष्ट आम्ही चुकलो होतो ती सांगतो. पहिले दोन महिने पैसे मी जीपेने द्यायचो. आई जायची पण मोकळी नसायची, "तुझे पैसे जातात" म्हणून एकेक शुक्रवार टाळायची. मग मी पैसे आईच्या हातात द्यायला लागलो आणि ती रिक्षावाल्याला स्वतः मोजून द्यायला लागली. तेव्हापासून "आज येताना पोस्टाकडून घे रे" असं ती त्याला हक्काने सांगते.

पायलटबद्दल, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलबद्दल, कुणी सांगेल, आमच्याकडे खूप म्हातारे पुरुष पायलटमागे बसून जातात आणि स्वस्तही पडतं, पण तुमच्या बाबांचा खांदा बघता मी नको म्हणेन. बसवलंत तर मागच्याला पण हेल्मेट, आणि ओळखीचाच पायलट. ॲपची टॅक्सी म्हणजे गोवा माइल्स, २०१८ पासून आहे, भाडं आधी दिसतं हे चांगलं, ओला-उबर आपल्याकडे नाहीत. ॲप तुमच्या फोनवर ठेवा, बाबांनी फक्त फोन करायचा आणि तुम्ही पर्वरीहून बुक करायची. पण आतल्या गावात गाडी मिळायला वेळ लागतो, वेळेचं काम असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

आणि गावातला कोणी पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन नेतो म्हणाला तर विचार करा. खासगी गाडीने भाडं मारायला परवानगी नसते आणि काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. शेजारधर्म म्हणून नेणं वेगळं.

दिवाडकर

मी दिवाडी बेटावर राहतो, आमच्याकडे सगळं फेरीबोटीवर. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, प्रश्न असतो तो उताराचा. ओहोटीला रॅम्प उघडा पडतो आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा. आमचे म्हातारे भरती बघून बाहेर पडतात, आणि गाड्या सगळ्या उतरल्याशिवाय जागचे हलत नाहीत. तुमच्याकडून नार्वेला कधी सप्तकोटेश्वराला जाऊन पुढे दिवाडीला यायचं झालं तर हे लक्षात ठेवा. रायबंदर-चोडणला २०२५ पासून रो-रो फेरीबोट आलीय.

ऐंशीला_टेकलेला

बाय, मी तुझ्या बाबांच्या बाजूचा माणूस, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी कार चालवणं सोडलं. मुलाने नाही सांगितलं, मीच सोडलं, रात्री समोरच्या गाडीचे लाइट फुटल्यासारखे दिसायला लागले आणि एकदा शाळेजवळ एक पोर अगदी शेवटच्या क्षणी दिसलं. घरी येऊन चावी देवासमोर ठेवली. तरीसुद्धा त्यानंतरचं वर्ष फार वाईट गेलं.

का ते सांगतो. घरचे सगळे चांगले आहेत, "बाबा कुठे जायचं ते सांगा, सोडतो" म्हणतात. पण सांगायचं म्हणजे कारण द्यावं लागतं. डॉक्टरकडे जायला कारण असतं. तिठ्यावर जाऊन चहा घ्यायचा, नाटक बघायचं, जुन्या मित्राकडे अर्धा तास काही न बोलता बसायचं, याला काय कारण सांगणार? सून ऑफिसमधून दमून येते, तिला हे कसं सांगू? मग "काही काम नाही" असं म्हणतो माणूस. तुझे बाबा म्हणतात ते तेच आहे. त्यांना जायचंय, फक्त कुणाकडे मागायचं नाहीये.

म्हणून म्हापशाच्या भावाने लिहिलं ते मला पटलं. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. गाडी दारात येणारच आहे, मग विचारायची गरज उरत नाही. माझ्याकडे गुरुवारी येते. कधीकधी मी नुसता फिरून येतो.

आणखी एक. चावी परत आणून त्यांच्या हातात द्या. स्कूटर चालवायला नव्हे, विकायची की कुणाला द्यायची ते त्यांना ठरवू दे.

पर्वरीची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. ऐंशीला टेकलेले काका, तुमचं उत्तर मी भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पुढच्या शनिवारी चावी घेऊन गावी आला. फील्ड टेस्ट झाली. उजव्या डोळ्याची वरची बाजू बरीच गेलीय, बाबांनी कागद दोनदा बघितला आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. स्कूटर शेजारच्या मुलाला दिली, पण "दर रविवारी पुसायची" या अटीवर.

बुधवारची रिक्षा ठरली, बाबा, वाड्यावरचे एक काका आणि त्यांची बायको. पहिल्या बुधवारी बाबा एकटेच गेले कारण त्या दोघांना ताप होता, मला वाटलं रद्द करतील, पण पैसे ठरलेत म्हणून गेले आणि वाचनालयात दोन तास बसले. बस अजून जमली नाही, एकदा प्रयत्न केला पण कट्टा थांब्याच्या मागे आहे आणि गाडी पुढे जाऊन थांबते. स्टूलचं दुकानदाराशी बोलले, तो हो म्हणालाय. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर पण फोन केला, वाहन ते देत नाहीत पण सवलती आणि योजनांची माहिती नीट सांगितली.

राहिलं ते सोमवारचं भजन. जायला होतं, संध्याकाळी बस आहे. संपतं साडेनऊ-दहाला, तेव्हा रिक्षावाला यायला तयार नाही आणि भजनातली मुलं बाईकवर सोडतो म्हणतात, पण काळोख, खड्डे आणि खांदा, मला धीर होत नाही. कुणाला काही सुचतंय का?

जुना_कंडक्टर

भजनाला चारचाकी घेऊन येणारा कोणीतरी असणारच, तबलजीला तबला न्यायचा असतो. आधी त्याला विचारा. आणि तुमच्या रूटवर रात्रीची शेवटची गाडी साखळीहून किती वाजता सुटते ते मी माझ्या जुन्या मित्राला विचारतो, तो अजून नोकरीत आहे. देवळाजवळचा थांबा कोणता, पिंपळाकडचा की पुलाकडचा?

पर्वरीची_लेक

पिंपळाकडचा. तबलजीचं डोक्यातच आलं नव्हतं काका, आत्ताच आईला फोन लावते. देव बरें करूं.