नवीन डिस्क टाकण्याआधी हब बघा

ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते तेव्हा स्टिअरिंग थरथरलं तर दोष पुढच्या चाकांत आणि सीट हादरली तर मागच्या, असं म्हणतात ते बहुतांशी खरं. पण ‘डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) वाकली, बदलून टाका’ हा नेहमीचा सल्ला पटत नाही. डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दोन-तीन एवढा फरकही पायाला जाणवतो.

आणि हा फरक कशामुळे पडतो, ते कुणी सांगत नाही. आमची गाडी रत्नागिरीकडची, पावसाळाभर उघड्यावर. नव्या डिस्क टाकल्या, काही महिन्यांत ब्रेक दाबला की पुन्हा थरथर. दुसऱ्या मेकॅनिकनं डिस्क उतरवली तर मागे हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडावर गंजाचे पापुद्रे! डिस्क किंचित तिरकी बसत होती, दर फेरीला ब्रेक पॅड एकाच जागी घासून ती तिथे झिजत होती. त्यानं वायर ब्रशनं हब लख्ख केला, डिस्क लेथवर घासून सपाट करून घेतली (जाडी किमान मर्यादेच्या वर होती म्हणून), डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून डिस्क फिरताना डगमगते का ते तपासलं आणि नट समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचनंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) आवळले. टायरवाले एअर गननं दणादण आवळतात, त्यानंही डिस्क तिरकी बसू शकते.